निकालाआधीचे वाचन
शिर्डीच्या शिवारातील पेरूच्या बागेत गवत कापण्यासाठी आम्ही मागून चालत हाकायचे एक जुने हायड्रोस्टॅटिक यंत्र घेतले. सकाळी ते नीट चाले. तेल तापले, की डावे चाक मंदावे. पंपच गेला, असे ठरवून आईच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेल्या पैशांना आम्ही हात घालणार, तोच फिटरने विचारले, “सर, दोन्ही चाकं की एकच?”

दोन्ही पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा सैल असता, तर दोन्ही चाके अडखळली असती. दोष डावीकडेच होता. टेम्पोतून उतरवून ढकलताना आम्हीच उघडलेली बायपास झडप पुरती मिटली नव्हती. तापून पातळ झालेले तेल तिथून निसटत होते.

‘आधी संहिता वाचा’ असे वर्गात बजावणारे आम्ही, यंत्र मात्र न वाचताच निकाल देऊन बसलो होतो.