वाळूतली वाट

जेसलमेरचा किल्ला पाहून झाल्यावर आम्ही खुरीच्या बाजूला, एका ढाणीवर जायला निघालो. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वाडी. जवळची वाट म्हणून चालकाने जीप सरळ टेकडीच्या वाळूत घातली आणि चाके रुतली! ढाणीवरच्या आजोबांनी खींपाची झुडपे चाकांखाली पसरली, तेव्हा कोठे सुटका झाली.

मग त्यांनी खरी वाट दाखवली. टेकडीची वाळू एकाच मापाच्या कणांची. कितीही दाबली तरी कण एकमेकांना धरीत नाहीत. म्हणून या वाटेवर जवळपासची मुरड, म्हणजे आपला मुरूम, आणि सखल जागेतली चिकणमाती मिसळून घातलेली. शिंपायला पाणी कोठले? पावसाची सर येऊन गेली की त्या ओलीवरच रूळ फिरवून घ्यायचा. वाट टेकड्यांमधल्या सपाटीवरून गेलेली, जमिनीपासून थोडीशीच उंच, कडा पसरट उतरत्या. उभा बांध घातला तर वारा तेथे अडखळतो आणि सारी वाळू वाटेवरच टाकतो. वाऱ्याच्या अंगाला खींपाच्या काटक्यांच्या रांगा रोवलेल्या होत्या. जोधपूरच्या काझरी संस्थेनेही वाळूच्या टेकड्या थोपवण्यासाठी अशाच रांगांचा पुरस्कार केला आहे. आम्हांला वाटले होते, वाळवंटात रस्ता म्हणजे वाळूशी झुंज. येथे सारा हिशेब वाऱ्याचा!

घरे दिसू लागली आणि मुरड संपली. शेवटचा फर्लांगभर उघडी वाळूच. पाण्याचा टँकर तेथेच उभा होता. आजोबांच्या सुनेने घागर डोक्यावर घेतली आणि ती घोटाभर वाळूतून घराकडे चालू लागली.