पायी जाता येतं का?

खोपोली सोडून जुन्या हायवेने घाट चढायला लागलं की शिंगरोबाचं देऊळ लागतं. या शिंगरोबाला पोकेस्टॉप करावं का, यावरून आमच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात जुंपते. ‘करा’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी कथा इथे लहानथोरांना पाठ असते. ट्रकवाले आजही वेग जरासा कमी करतात, खिडकीतून नाणं टाकतात आणि पुढे जातात. एवढी जिवंत परंपरा असलेली जागा तालुक्यात शोधून सापडायची नाही. तरी माझं मत विरोधात आहे. ते ठरवताना मी देवळाकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त पाहिलं. वळण आहे, चढ आहे, मागून अवजड वाहनं येतात. नाणं टाकायला गाडीतून उतरावं लागत नाही. खेळायला मात्र कोणीतरी उतरणार, नाहीतर त्याहून वाईट, चालत्या गाडीतच फोन काढणार.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ 2016 च्या जुलैत आला, भारतात अधिकृतपणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात. खऱ्या रस्त्याने चालत खऱ्या देवळापाशी, पुतळ्यापाशी, बागेपाशी गेलं की फोनमधला थांबा, म्हणजे पोकेस्टॉप, उघडतो. या थांब्यांचं मूळ हा खेळ घडवणाऱ्या निअँटिक कंपनीच्याच 2012 सालच्या इन्ग्रेस या खेळात आहे. त्याच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवर पोकेमॉन गोचा नकाशा उभा राहिला. 2019 पासून हे काम वेफेअरर नावाच्या व्यवस्थेतून चालतं. खेळाडू नॉमिनेशन पाठवतो. त्यात जागेचं नाव, वर्णन, एक फोटो जागेचा, एक आजूबाजूचा, आणि तपासणाऱ्यांसाठी चार ओळी असतात. तपासणारे म्हणजे कुठले कुठले दुसरे खेळाडूच. मी दोन्हीकडे असते, पाठवते आणि तपासतेही.

नियम कागदावर सोपे आहेत. जागा बघण्यासारखी हवी, किंवा व्यायामाची, किंवा चार माणसांनी जमण्याची. खासगी घर चालत नाही, बारावीपर्यंतची शाळा चालत नाही, अग्निशमन दलाच्या किंवा रुग्णवाहिकेच्या वाटेत येणारी जागा चालत नाही, आणि जिथे सुरक्षितपणे पायी पोचता येत नाही तीही नाही. भारतात खेळ आला तेव्हा रिलायन्स जिओशी करार झाला आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं थेट थांबे होऊन बसली. गावच्या मारुतीला मात्र अनोळखी लोकांची मतं मिळवावी लागतात. हे मला अजून पटलेलं नाही, पण असो.

काही जागा हात लावताच होतात. महडचा वरदविनायक घ्या. 1725 साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं देऊळ, शेजारी तळं, 1892 पासून तेवत असल्याचं सांगतात तो नंदादीप. उंबरखिंडीचं स्मारक घ्या. 2 फेब्रुवारी 1661 ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला तिथे कोंडलं, यापुढे काही लिहायची गरज पडत नाही. नेरळचा हुतात्मा चौकही तसाच. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पडले, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, तपासणाऱ्याला दोन ओळींत सांगावं लागतं.

कोंढाणे लेण्यांवर मात्र मी रेंगाळते. कोंदिवड्याहून राजमाचीच्या पायथ्याकडे चालत गेलं की चैत्याची ती मोठी कमान समोर येते. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एक भंगलेलं शिल्प आहे आणि त्याच्यापाशी ब्राह्मी अक्षरांत एक ओळ. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने आपलं आणि गुरूचं नाव दगडात ठेवलंय. लोक ‘कोंढाणे लेणी’ असं एक नॉमिनेशन करून मोकळे होतात. मला विचाराल तर बलकाची ओळ वेगळी पाठवावी. अडचण अशी की खेळाचा नकाशा साधारण सत्तर-ऐंशी मीटरच्या चौकोनांत कापलेला असतो आणि पोकेमॉन गोत एका चौकोनात एकच थांबा दिसतो. चैत्य आणि बलक शेजारी शेजारी असल्याने एकाला अदृश्य व्हावं लागतं. शहरातल्या खेळाडूला हा चौकोन अन्याय वाटतो. खेड्यात तो सहसा आड येत नाही, कारण दोन जागांत शेतंच्या शेतं असतात.

खरी कसोटी लागते ती कशेळ्याकडच्या एखाद्या गावात, पाराशी. पिंपळ, भोवती सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर शेंदूर फासलेला दगड, बाजूला कुणाच्या तरी निधीतून आलेला बाक. मी फोटो काढत होते तर कट्ट्यावरचे आजोबा म्हणाले, “ताई, घरकुलाचा सर्वे का?” नाही म्हटलं. “मग रस्त्याचा?” खेळाचं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे पोरं इथं येऊन बसणार ना? बसू दे की.” मग त्यांनीच सांगितलं, सप्त्याची पालखी इथूनच उठते, ग्रामसभा उन्हाळ्यात हॉलमध्ये न होता इथे होते, आणि एसटीची वाटही इथेच पाहतात.

चेन्नईत बसलेल्या तपासनिसाला फोटोत झाड आणि नारिंगी दगड दिसतो. तो ‘सामान्य वस्तू’ म्हणून नाकारणार, आणि त्यात त्याची चूक नाही. ‘प्राचीन’, ‘जागृत’, ‘ऐतिहासिक’ हे शब्द मी वर्णनात घालत नाही, कारण ते प्रत्येक नॉमिनेशनमध्ये असतात आणि कोणी वाचत नाही. पालखी, ग्रामसभा, एसटी, हे लिहिते. दुसऱ्या फोटोत झाडापेक्षा कट्टा आणि त्याच्याकडे येणारी पायवाट जास्त दिसेल असं पाहते. कोणाचा चेहरा येऊ देत नाही, म्हणून आजोबांना दोन मिनिटं उठावं लागलं. वर्णनातली माणसं खरी असली पाहिजेत. फोटोत ती नसली पाहिजेत.

शाळांचं दुखणं वेगळं. आमच्याकडच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंती रंगवलेल्या असतात, वाडीत मैदान म्हणावं असं तेवढंच असतं. नियम म्हणतो नाही. तपासताना मी डोळे मिटून नाही म्हणते. मुलांच्या फाटकापाशी अनोळखी मोठ्यांनी फोन घेऊन उभं राहू नये, यात मला तडजोड दिसत नाही. फार्महाऊसवाल्यांच्या बाबतीत तर दयामायाच नको. कर्जतभर फाटकांवर बुद्धाचे मुखवटे आणि कारंजी आहेत, नॉमिनेशनही येतात, पण ते कुणाचं तरी घर आहे. ठाकरवाडीतला देवही बऱ्याचदा कुणाच्या तरी अंगणात असतो. तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय फोटोसुद्धा काढू नये.

धर्मस्थळांचा प्रश्न नेहमी निघतो. 2016 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, देवळांत खेळातली अंडी दिसतात म्हणून. मला अंड्यांपेक्षा माणसांच्या वागण्याची काळजी वाटते. गाभाऱ्यातून फोटो काढू नये, नकाशावरची खूण देवळाच्या अंगणात ठेवावी, एवढं पाळलं तर आमच्याकडे आजवर कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही.

आणि एक जागा मी कधीच पाठवणार नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण सापडले नाहीत आणि शोध थांबला. स्मारक नियमात बसतं, हे मला ठाऊक आहे. पण खेळ आला त्याच वर्षी आउशवित्झच्या नाझी छळछावणीतल्या संग्रहालयाने इथे खेळू नका असं सांगितलं होतं, आणि हिरोशिमाच्या शांतिउद्यानातले थांबे 6 ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी काढावे लागले. कुणी सांगण्याची वेळ येऊ न देणं आपल्या हातात आहे.

आता पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा शनिवार-रविवारी लोकलने कर्जतला उतरणाऱ्या खेळाडूंना एक विनंती. धबधबा हा नैसर्गिक असल्याने नुसता तो नियमातही बसत नाही, आणि भिवपुरीकडच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. त्यांचे फोटो पाठवू नका. त्याऐवजी गावात या, पाराशी बसा, पाटीवरचं नाव जसं आहे तसं मराठीत उतरवून घ्या, आणि बसलेल्या माणसाला विचारून मगच फोटो काढा. तुमची नॉमिनेशनं तपासायला आली तर मी लवकर बघेन.