आजीचा दुभाषा

ताईकडे मॉन्ट्रियलला निघालो तेव्हा आईनं बडोद्याहून लिलवानी कचोरी, लोणचं आणि मराठी बाराखडीचं पुस्तक बरोबर घेतलं. पुस्तक नऊ वर्षांच्या नातवासाठी. ते आठवडाभर पिशवीतच राहिलं. भाच्याला मराठी सगळं कळतं, पण बोलत नाही. आजीनं मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि आईचं इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे जात नाही. शाळा फ्रेंच. क्युबेक प्रांतात १९७७च्या कायद्यानं बाहेरून आलेल्या बहुतेकांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावं लागतं. "दोन भाषांत तिसरी कुठे कोंबू?" ताई म्हणाली. आई काही बोलली नाही.

मग तीन दिवस क्युबेक सिटीला गेलो. मोटारीनं तीनेक तासांचा रस्ता. १६०८ साली शाम्प्लेननं वसवलेलं हे शहर अजून तटबंदीच्या आत नांदतंय. साडेचार किलोमीटरचा तट, त्यावरून चालता येतं. वर शातो फ्रोंतनाकचं किल्ल्यासारखं हॉटेल. राहणं खिशाला परवडणारं नव्हतं, पण समोरच्या लाकडी गच्चीवर बसून सेंट लॉरेन्स नदी फुकट बघता येते. तुम्ही गेलात तर पलीकडे लेव्हीला जाणाऱ्या फेरीबोटीत संध्याकाळी नक्की बसा. शहराचा खरा फोटो तिथूनच मिळतो. आणि बूट चांगले घाला, सगळा चढउतार आहे.

वरच्या गावातून खालच्या जुन्या बाजारात उतरणारा एक उभा जिना आहे. आईनं पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "काय लिहिलंय रे?" ताई आणि मी मागे राहिलो होतो. पाटी फ्रेंच, आजीला इंग्रजी येत नाही, मधे कोणी नाही. पोरानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मान... मोडते. मान मोडते जिना." नाव खरोखरच तेच आहे, कास-कू! आई हसून तिथेच कठड्याला धरून उभी राहिली.

त्यानंतर तिनं त्याला सोडलंच नाही. दुकानाची पाटी, उपाहारगृहाचं मेन्यूकार्ड, सगळं त्याच्याकडून. बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर चीज आणि गरम रस्सा घातलेला पुटीन तिनं रस्सा मांसाचा नाही ना, हे त्याच्याकरवी विचारून मगच खाल्ला. गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'ज म सुव्हियँ' असतं, त्याचा अर्थ त्यानं सांगितला, "मला आठवतं." "काय आठवतं?" आईनं विचारलं. ते त्याला सांगता येईना.

ते आम्हाला अब्राहमच्या मैदानावर थोडंफार कळलं. १३ सप्टेंबर १७५९ला, आपल्या पानिपताच्या सोळा महिने आधी, इथे इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. दोन्हीकडचे सेनापती, वुल्फ आणि माँकाल्म, जखमांनी गेले. पुढे गावात दोघांचा मिळून एकच स्तंभ उभारला. त्यावरचा मजकूर इंग्रजी नाही, फ्रेंचही नाही, लॅटिन आहे. ही युक्ती मला फार आवडली.

शेवटच्या दिवशी मोंमोरन्सीचा धबधबा. ८३ मीटर, नायगाऱ्याहून उंच, आणि शहरापासून अगदी जवळ. आई आणि ताई केबल कारनं वर गेल्या. भाचा आणि मी हट्टानं ४८७ पायऱ्या चढलो. तो फ्रेंचमध्ये मोजत होता. वर पोचता पोचता धापा टाकत त्यानं विचारलं, "मावशी, आजीला सांगायचंय. मराठीत कसं म्हणायचं?"

"चारशे..." मी सुरू केलं आणि अडले. बडोद्यात माझा हिशेब बाजारात गुजरातीत, ऑफिसात इंग्रजीत. तोंडात आलं ते सांगून टाकलं.

तो धावत आईकडे गेला. "आजी, चारशे सत्यासी!"

"सत्त्याऐंशी," आई म्हणाली. पण बघत होती माझ्याकडे.