धावेचं लोखंड

आमच्या गोठ्यात वैरणीच्या पेंढ्यांमागं एक राजदूत पंचवीस वर्षं उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकलेली. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, हँडलला म्हशीचं दावं अडकवलेलं असायचं आणि हेडलाईटची काच कधीतरी पोरांनी गोफणीनं फोडली होती. भंगारवाला दर दिवाळीला विचारायचा. आई दर दिवाळीला त्याला चहा पाजून परत लावायची.

गाडी 1974 ची. आबांनी घेतली 1981 साली, जुनी, विट्याच्या एका कापडवाल्याकडून. त्यासाठी त्यांनी बैलजोडी विकली. गावानं वेड्यात काढलं. आमचा खानापूर तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. बाहत्तरच्या दुष्काळानंतर शेतीवरचा विश्वास उडालेली माणसं एकतर सोन्याचांदीच्या गलाईला परमुलखात गेली, नाहीतर दोन म्हशी बांधून दुधाच्या मागं लागली. आबा दुसऱ्या जातीतले. पाच वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून साडेसातच्या आत संघाच्या गाडीला घालायचं. सायकलवर ते जमत नव्हतं.

राजदूत तेव्हा धर्मेंद्र जाहिरातीत मिरवायचा. पण खेड्यात ती खपली ती मिरवण्यासाठी नव्हे. मुळात गाडी पोलंडची. तिथल्या एस.एच.एल. कंपनीच्या एम-11 या गाडीचं डिझाईन घेऊन एस्कॉर्ट्सनं ती फरीदाबादला बनवायला घेतली. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, जाड पत्र्याची टाकी. पळायला मंद, पण दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लटकवा, मध्ये पेंडीचं पोतं टाका, त्यावर शाळेला उशीर झालेलं पोरगं बसवा, तरी ओढ्यातनं वर निघायची. ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूरनं जी बुटकी राजदूत फिरवली ती वेगळी. आमच्याकडं ती शोभली नसती.

कॅन लटकवायचा स्टँड आबांनी गावच्या लोहाराकडून करून घेतला. लोखंड विकत आणायला पैसे नव्हते. बैल गेले होते, गाडी पडून होती. तिच्या चाकाची धाव काढली, भात्यावर लाल केली, ठोकून सरळ केली आणि तिचेच तुकडे विट्याला नेऊन राजदूतच्या चेसिसला वेल्डिंगनं जोडले. आजोबांची बैलगाडी अशी आबांच्या मोटरसायकलला चिकटली.

त्या स्टँडवर आम्ही दोघं भाऊ वाढलो. दादा मागं बसायचा, मी टाकीवर. दोघांच्याही पोटरीला सायलेन्सरचा चटका बसल्याची खूण आहे. माझी फिकी झाली, दादाची अजून दिसते. म्हणजे दिसत असावी. बारा वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

कारण सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. आबा 2011 ला गेले. पुढच्या वर्षी वाटणी झाली. जमीन बांधावर मोजून झाली, घराची भिंत पडली, म्हशी वाटल्या. विहिरीच्या पाळीवरनं मात्र बोलणं वाढलं. चार दिवस माझे, तीन त्याचे, का उलटं? दादा त्रिशूरला गलाईच्या दुकानात. तो म्हणाला, “मी हितं नसतो म्हणून माझं पाणी खातोस व्हय?” मी मास्तर माणूस, पण त्या दिवशी जे बोललो ते मास्तराचं नव्हतं. पुढं टेंभूचं पाणी आलं आणि त्या विहिरीकडं कुणी ढुंकून बघेना. अबोला तेवढा राहिला. राजदूत कुणाच्याच वाटणीला गेली नाही. पंचांनी विचारलं तेव्हा दोघंही गप्प बसलो, म्हणून ती सामाईकच राहिली.

2023 मध्ये मी सेवानिवृत्त झालो आणि सकाळी करायला काही उरलं नाही. एक दिवस पेंढ्या बाजूला केल्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं बाळंतपण झालेलं, हेडलाईटमध्ये विंचू, आणि किक तर दगडागत घट्ट. इंजिन जाम.

आमच्या नाक्यावरचा मिस्त्री माझ्याच वयाचा. आबांच्या काळात तो पोरसवदा हेल्पर होता. त्यानं प्लग काढून त्या भोकातनं डिझेल ओतलं आणि म्हणाला, “गुरुजी, आठ दिस हिला हात लावायचा न्हाई.” नवव्या दिवशी तिसऱ्या गिअरात टाकून मागचं चाक हळूहळू मागंपुढं हलवलं, तेव्हा कर्रर आवाज करून पिस्टन सुटला. त्या आवाजानं मला काय झालं ते मी मिस्त्रीला दिसू दिलं नाही.

मग वर्ष त्यातच गेलं. टाकी आतनं गंजून लाल झालेली. तिच्यात मूठभर नट आणि लिटरभर डिझेल घालून तोंड बंद केलं, गोधडीत गुंडाळली आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला बांधली. दिवसभर नांगरट चालली, टाकीही फिरत राहिली. संध्याकाळी आतनं चहाच्या रंगाचं डिझेल निघालं. असं तीन दिवस. सिलिंडर कराडला नेऊन बोअर मारला, त्याला ओव्हरसाइज पिस्टन बसवला. क्रँकची दोन्ही ऑइल सीलं बदलली. टू-स्ट्रोकला ती फार जपावी लागतात, तिथनं हवा ओढली की इंजिन आपल्या मनानंच पळायला लागतं. पॉइंट-कंडेन्सर पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले, काही सामान ओळखीच्या ड्रायव्हरनं दिल्लीच्या करोलबागेतनं आणलं. हेडलाईटची रिंग कुठंच मिळाली नाही. ती शेवटी शेजारच्या गावात एका विहिरीच्या मोटर-पेटीला दिवा म्हणून लावलेली सापडली. मालकानं बदल्यात नवी टॉर्च मागितली, दिली.

या सगळ्यात दादाचा पोरगा कधी सामील झाला ते कळलं नाही. तो पुण्यात कॉलेजला. सुट्टीला आला की आमच्या अंगणात यायचा. भिंत मोठ्यांची, पोरांना ती लागत नाही. त्याच्या मोबाईलवर फोटो होते. कुणीतरी जुन्या बुलेटचं मागचं सगळं कापून टाकलेलं, जाड टायर, बसकं हँडल.

“काका, ह्यो स्टँड कापूया. मग बघा कसली दिसंल!”

मला राग आला, आणि दुसऱ्याच आठवड्यात आरटीओच्या कामातला माणूसही तेच म्हणाला. त्याचं कारण निराळं होतं. 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. वीस हजार फी, दहा वर्षांची नोंदणी, आणि आधी नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मला आबांचा तो एम पासून सुरू होणारा तीन अक्षरी नंबर हवा होता. पण अशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार चालत नाही. चेसिसला वेल्डिंग केलेला स्टँड म्हणजे फेरफारच. एरवीसुद्धा कंपनीनं दिलेली ठेवण बदलायला मोटार कायद्याचं बावन्नावं कलम आडवं येतंच. पोराला ती कापून नवी करायची होती, कायद्याला कापून जुनी. दोघांच्याही हिशेबात आबा बसत नव्हते.

आणि आणखी एक अडचण. आरसी बुक आबांच्या नावावर. म्हणजे दुसऱ्या वारसाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागणार. त्रिशूरला फोन कोण करणार? आई म्हणाली, “मी सांगते.” मी नको म्हणालो. तिच्या हातनं बोलणी करायचं वय माझं राहिलं नव्हतं.

स्टँडची तोड मिस्त्रीनं काढली. वेल्डिंगचे जोड तेवढे ग्राइंडरनं तासून काढायचे, चेसिस साफ करायची, आणि स्टँडला खालनं पट्टीचे क्लॅम्प करून तो नटबोल्टवर बसवायचा. नोंदणीला नेताना काढा, घरी आल्यावर लावा. धाव कुठंच कापावी लागणार नव्हती. पोरगं थोडं हिरमुसलं, पण क्लॅम्पचं माप त्यानंच काढलं, आणि चांगलं काढलं. रंग काळाच ठेवला. स्टँडला मात्र रंग लावू दिला नाही. नुसतं तेलपाणी. धावेवर हातोड्याचे घाव अजून दिसतात.

गाडी चालू झाली गेल्या वर्षीच्या वैशाखात, सातव्या किकला. पहिल्या सहा किकांतल्या एकीनं उलटून मिस्त्रीच्या घोट्याला प्रसाद दिला. धुरानं अंगण भरलं. आई ओट्यावर बसली होती. “आलं ह्यांचं दूध,” असं म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर चौथ्या दिवशी पोरगं मला न सांगता गाडी घेऊन बाहेर पडलं. स्टँड लावलेला होताच. वाटेत पंपावर त्यानं दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकलं आणि भिवघाटाच्या दिशेनं निघालं. नुसतं पेट्रोल. त्याचा तरी काय दोष? त्याच्या जन्मापासून त्यानं पाहिलेल्या गाड्यांच्या पोटात तेल वेगळं असतं. टू-स्ट्रोकला तशी सोय नाही. पेट्रोलात मिसळलेलं तेलच क्रँकच्या पोटातनं फिरत बेरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं. ते नसलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. पंप सोडल्यावर थोड्याच वेळात चढाला गाडीनं धरलं आणि मागचं चाक करकचून थांबलं. नशीब, वेग नव्हता.

मला फोन करायची त्याची छाती झाली नाही. त्यानं बापाला केला, त्रिशूरला.

दुपारी माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. उचलला तर पलीकडं कुणी बोलेना. मग आवाज आला, “तेल घातलं व्हतं का पेट्रोलात?”

बारा वर्षांनी हे पहिलं वाक्य.

मी म्हणालो, “त्याला सांगायचं ऱ्हायलं, दादा.”

“पोराला लागलं न्हाई नव्हं?”

“न्हाई.”

“मग थंड होऊ दे. लगेच किक मारू नगंस. आबा काय करायचे? झाडाखाली लावायचे, बिडी वढायचे, मग प्लग काढून थेंबभर तेल सोडायचे.” एवढं बोलून तो थांबला. मीही. मग म्हणाला, “माप कुटं हाय?”

माप म्हणजे औषधाची काचेची बाटली. आबांनी तिच्यावर कानशीनं खूण केली होती, लिटरला साधारण पन्नास मिली. ती कोनाड्यात होती. हाय, म्हणालो.

पिस्टनवर दोन उभे ओरखडे पडले होते. मिस्त्रीनं पॉलिश पेपरनं घासले, रिंगा बदलल्या, भागलं.

दादा यात्रेला आला. आधी आईकडं गेला, मग अंगणात. प्रतिज्ञापत्रावर सही करून कागद माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. विहिरीचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. तो मिटला असं मी म्हणणार नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यानं स्टँड दोन्ही हातांनी हलवून बघितला. क्लॅम्पचा एक नट ढिला होता, तो पान्यानं आवळला. मग कोनाड्यातली बाटली स्वतःच काढली, खुणेपर्यंत तेल भरलं, टाकीत ओतलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिसऱ्या किकला गाडी चालू केली. पोटरीवरची खूण होती तिथंच होती.

कुठं चाललास, असं मी विचारलं नाही. अर्ध्या तासानं तो परत आला, केसांत धूळ घेऊन.

“डेअरी कुटं हालवली रं?” त्यानं विचारलं. “जुन्या जागी नुसता चौथरा हाय.”