कवला ओळखायचा तर

ऐंशीच्या दशकात रानातल्या झाडाचं नाव हवं असेल, तर माणूस गाठावा लागायचा. कोल्हापुरात एम.एस्सी. करताना आम्हाला अशी माणसं लाभली, हे आमचं भाग्य. पावसाळ्यातला रविवार म्हणजे पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, नाहीतर आंबोली. जाणं-येणं एसटीनं, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या.

खरं काम परत आल्यावर सुरू व्हायचं. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत एकेक फांदी पसरायची. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे खालच्या बाजूची लव नंतरही बघता येते. वरखाली ब्लॉटिंग पेपर घालून सगळा गठ्ठा लाकडी प्रेसमध्ये पट्ट्यांनी आवळायचा. कोल्हापूरच्या त्या दमट हवेत रोजच्या रोज कागद बदलले नाहीत, तर बुरशी आलीच म्हणून समजा. होस्टेलवर काही मुली ते ओले कागद इस्त्री फिरवून सुकवायच्या आणि खोलीभर कुबट, गवताळ वास भरून राहायचा. तो वास मला अजून आवडतो.

मग कुकचा फ्लोरा. थिओडोर कुकनं मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर लिहिलेला हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि आमच्या पिढीपर्यंत तोच पहिला आधार होता. विभागातली प्रत कपाटात कुलपात असायची, म्हणून वाचन तिघींनी मिळून. एकीनं ‘की’, म्हणजे लक्षणांवरून नावापर्यंत नेणारी मांडणी, मोठ्यानं वाचायची, दुसरीनं भिंगाखाली फूल धरायचं, तिसरीनं शंका काढायच्या. कवला म्हणजे स्मिथिया, एवढ्यावर सुटका नव्हती. कोणता कवला? निदलपुंजावरच्या शिरा सरळ समांतर जातात की त्यांची जाळी होते, इथून सुरुवात. एकीला जाळी दिसायची, दुसरीला समांतर, आणि त्यात संध्याकाळ जायची. सर येऊन बघायचे, पण नाव सांगायचे नाहीत. “केस कुठं कुठं आहेत ते बघितलंस का? सगळ्या फुलांवर की एकाच?” असं विचारून निघून जायचे. फारच अडलं तर नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे किंवा मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जायचा. उत्तर येईपर्यंत हंगाम संपलेला असायचा, पण तोवर त्या झाडाचा केसन् केस आमच्या ओळखीचा झालेला असायचा.

आज माझी भाची सातारच्या पठारावरून फोटो काढते आणि घरी पोचायच्या आत चौघांची मतं आलेली असतात. आयनॅचरलिस्ट हे व्यासपीठ २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभं राहिलं. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, भारतीय झाडांच्या हौशी मंडळींचा एक ई-मेल गट सुरू झाला होता, तोच पुढे ई-फ्लोरा ऑफ इंडिया झाला. आयनॅचरलिस्टची रीत मला मनापासून पटते. निदान दोघांचं एकमत हवं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक त्याच नावाच्या बाजूनं हवेत, तेव्हा ती नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. डिग्री कुणी विचारत नाही. तिथं वनरक्षक आहेत, शाळेतले शिक्षक आहेत, निवृत्तीनंतर गवतांच्या मागे लागलेले लोक आहेत. कुकच्या कपाटाची किल्ली आमच्या काळी यांच्यापैकी कुणाच्याही हाती पडली नसती. ‘ते दिवस गेले’ म्हणताना हे मला कधीच विसरता येत नाही.

तेरड्यांचंच बघा. तेरड्याचं फूल प्रेसमध्ये गेलं की पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा आकारच राहत नाही. सुकलेल्या नमुन्यावरून तेरड्यांच्या जाती लावताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे. आता समोरून, बाजूनं, मागच्या नळीसकट, जिवंत रंगात दहा फोटो मिळतात. दुर्मिळ कंदीलपुष्पाची नोंद केली, तर तिची नेमकी जागा झाकून नकाशावर वीस-बावीस किलोमीटरची चौकट तेवढी दाखवतात. पूर्वी हेच काम सर एका वाक्यात करायचे, “कुठं मिळालं ते बाहेर बोलायचं नाही.”

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. फोटो टाकला की संगणक स्वतःच नाव सुचवतो. पुष्कळजण ते नाव दाबून मोकळे होतात, आणि दुसरा कुणी झाडाकडे न बघता त्याला दुजोरा देतो. मत दोघांचं झालं, पण बघणारं कुणीच नाही. गेंदाच्या, म्हणजे एरिओकॉलॉनच्या बाबतीत तर फोटो पुरतच नाही. त्याच्या कितीतरी जाती बियांवरच्या नक्षीवरून वेगळ्या करतात आणि ती नक्षी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. पठारावरची पांढरी चादर कितीही सुंदर टिपली, तरी नाव प्रजातीपाशी अडतं.

म्हणून अलीकडे मी नाव देताना कारणही लिहिते, आणि मराठीत लिहिते: शिरांची जाळी दिसते म्हणून, केस पिवळट आहेत म्हणून. दुसऱ्याचं नाव पटलं नाही तर आधी विचारते, तुम्हाला काय दिसलं? बहुतेकजण आनंदानं सांगतात. बेळगावकडच्या एका मुलानं गेल्या पावसाळ्यात गेंदाच्या एका नोंदीखाली विचारलं, बिया कशा जमवायच्या? मी लिहिलं, पिकलेले गेंद कागदाच्या पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये नको. पाकिटावर तारीख, गाव आणि जमीन ओली की कोरडी ते लिही. मग जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा आणि सूक्ष्मदर्शक माग. त्यानं विचारलं, मी त्या कॉलेजचा नाही, देतील का? द्यायला हवा. आमच्या तालुक्यातल्या दोन कॉलेजांशी मी बोलले आहे. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा बाहेरच्यांसाठी उघडी ठेवायला एक तयार झालं आहे.