सासरच्या चढाची सायकल

माझे माहेर सांगली जिल्ह्यात, कुंडल-पलूसच्या बाजूला. काळे, सपाट, उसाचे रान. सासर साताऱ्याचे, यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी, आणि आमचे नाचणीचे थोडे रान घाट चढून वर. माहेरी रस्ता पुढे कुठे जातो ते उसामुळे दिसत नाही, सासरी ते वळणांमुळे दिसत नाही. ह्या दोन रस्त्यांत काय फरक आहे ते मला बासष्टाव्या वर्षी नीट कळले, आणि ते सायकलीमुळे.

वडिलांची काळी सायकल होती, दांडीची. शेवटपर्यंत ते जिल्ह्याला ‘दक्षिण सातारा’च म्हणत. १९४९ ते १९६० ह्या वर्षांत सांगली जिल्ह्याचे नाव तेच होते, आणि त्यांच्या तोंडून ते काही गेले नाही. सायकल पुसता पुसता ते आम्हा भावंडांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगत. आमच्या शेजारची किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने माळावर उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारात आले, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्या भावांचा पहिला धंदा सायकलीचा. १८८८ साली त्यांनी बेळगावला सायकलीचे दुकान काढले होते. वडिलांना त्या गोष्टीचा मोठा अभिमान. मात्र ती सांगून झाली की सायकल भावाच्या हातात जायची. मुलीने दांडीवर बसून जत्रेला जावे, पायडल मारू नये, असा तेव्हा रिवाज होता. त्यात माझ्याच वडिलांचे काही विशेष नव्हते.

मी सायकल शिकले ती चार वर्षांपूर्वी, दिवाळीत माहेरी गेले असताना, धाकट्या भावाच्या सुनेच्या लेडीज सायकलीवर. उसाच्या दोन फडांमधला गाडीरस्ता, सकाळची वेळ, बघायला कोणी नाही. आठ दिवसांत तोल आला. गावात बोलणे झालेच. “म्हातारपणी चळ” हा त्यातला सौम्य शब्द. मी मनात म्हटले, तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, शेतमजूर बायकासुद्धा. त्यांनाही कोणीतरी हेच म्हटले असेल.

खरी अडचण सासरी आल्यावर. नातू पुण्याला शिकायला गेला आणि त्याची गिअरची सायकल गोठ्याशेजारी पडून होती. जाड टायर, पुढे तीन चक्रे, मागे सात, पुढच्या चाकाला स्प्रिंग. ह्या जातीला माउंटन बाईक म्हणतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टमॅलपायस नावाच्या डोंगरावरून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटेने उतरत. त्या जुन्या सांगाड्यांनाच त्यांनी चांगले ब्रेक जोडले, गिअर जोडले, आणि त्यातून ही नवी जात निघाली. म्हणजे जुनी सायकल आपल्या डोंगराला जुळवून घेणे हा ह्या जातीचा जन्मापासूनचा धर्म आहे. आमची मात्र तेव्हा कोंबड्यांची बसायची जागा झाली होती.

वरच्या रानात जायचे तर एकतर एस. टी.ची वेळ धरायची, नाहीतर मुलाच्या मोटारसायकलीची. मुलगा नोकरीचा, त्याला सांगताना आधी त्याचे तोंड बघावे लागते. पायी चढायचे तर गुडघे ऐकत नाहीत. डॉक्टरांनी सायकल चालवायला हरकत नाही म्हटले, एकाच अटीवर: जोर लावून नाही, हलके हलके पाय फिरवीत. आणि आमच्या सायकलीवर घाटात हलके पाय फिरायलाच तयार नव्हते. पहिल्या चढाला छाती भरून यायची. उतरताना ब्रेक दाबला तरी सायकल आपल्या मनाने पुढे जायची.

माझ्याजवळ सात हजार रुपये होते. अंड्यांचे साठवलेले आणि दोन वर्षांची भाऊबीजेची ओवाळणी. दुधाचे पैसे घरात जातात, त्यांना मी हात लावीत नाही. पण हे माझे होते, आणि त्यावर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी बैल घेतानाही झाली नसेल. मुलगा म्हणाला, “आई, त्यात अजून पैसे घालू, बॅटरीची घे.” बॅटरीची सायकल तीस हजारांच्या पुढे. हे म्हणाले, “अगं, कशाला? मी सोडत जाईन की.” ह्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. ह्यांनी मला सोडत जावे यापेक्षा ह्यांना कुणी न्यायचे झाले तर मला जाता यावे, हाच माझा विचार होता. तो मी बोलून दाखवला नाही.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. तिथल्या पोराने जुन्या सायकलीकडे पाहिलेही नाही. “काकू, हिच्यात पैसे घालू नका. ही बघा, डबल शॉकर, डिस्क ब्रेक, अठ्ठावीस हजार.” पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, रंग भडक. मी ती उचलून बघितली तर आमच्या सायकलीपेक्षा जड. बैल घेताना आपण शिंगांचा रंग बघत नाही, खूर बघतो. मी घरी आले.

पुढच्या खेपेला भाच्याचा टेम्पो इकडे आला तेव्हा सायकल त्यात टाकून माहेरी नेली. तिथले मिस्त्री म्हातारे, चाकाची आऊट नुसत्या बोटाने ओळखणारे. त्यांनी सायकल उलटी ठेवली, पायडल फिरवले आणि मला विचारले, “आक्का, सायकल तुमची अडते कुठं, ते सांगा आधी.” दुकानात हे कोणी विचारले नव्हते. मी सांगितले: उतारावर भीती वाटते, चढावर दम लागतो, आणि वरच्या जांभ्या दगडाच्या वाटेवर खडी आली की चाक घसरते. “मग तीन कामं,” ते म्हणाले. “बाकीचं राहू द्या.”

पहिले काम ब्रेकचे. कासच्या बाजूची लाल माती बारीक आणि खरबरीत, पावसात ती ब्रेकच्या रबरावर बसते आणि कानशीसारखी रिमला घासत राहते. आमची रबरे झिजून कडक झाली होती. तारा गंजून नळीत अडकत होत्या, म्हणून दाबलेला जोर अर्ध्या वाटेतच मरत होता. मिस्त्रींनी डिस्क ब्रेकचा आग्रह धरला नाही. त्यासाठी चाकाचे हबही बदलावे लागले असते आणि खर्च दुप्पट झाला असता. नवी रबरे, नव्या तारा, रिम घासून साफ. एवढ्याने सायकल जागच्या जागी थांबू लागली. माझ्यासारख्या नवशिक्या, वयाने मोठ्या बाईने पहिला रुपया इथेच घालावा असे मी ठामपणे म्हणेन. पंचविशीतले पोर पडले तर कपडे झटकून उठते. साठीत हाड मोडले तर ते जुळेपर्यंत सगळ्या घराची घडी बिघडते.

दुसरे काम चढाचे. हे समजून घ्यायला मला एक दुपार लागली, पण हिशेब सोपा आहे. वडिलांच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८, असे मी मोजले. पायडल एकदा पूर्ण फिरले की ती सायकल सुमारे साडेसतरा फूट पुढे जाते. सपाटीला उत्तम. पण घाटात एका फेऱ्यात साडेसतरा फूट स्वतःला वर ओढायचे म्हणजे पाय गळालेच. नातवाच्या सायकलीचे पुढचे सर्वांत लहान चक्र २८ दातांचे आणि मागचे सर्वांत मोठेही २८ दातांचे, म्हणजे एका फेऱ्यात पावणेसात फूट. त्याच्या तरुण पायांना ते पुरत होते. मिस्त्रींनी मागचे फ्रीव्हील काढून दुसरे बसवले, त्याच्या सर्वांत मोठ्या चक्राला ३४ दात. आता एका फेऱ्यात साडेपाच फुटांच्या थोडे वर. पायावरचा जोर रुपयातून अठरा पैशांनी कमी झाला. वेग कमी होतो, पाय जास्त वेळा फिरवावे लागतात, पण मला घाईच कुठे होती? मोटेच्या विहिरीवर मोठा नाडा एका दमात ओढण्यापेक्षा रहाटाने थोडे थोडे पाणी काढावे, तसे हे आहे.

ह्यात एक खाच आहे, ती सांगून ठेवते, कारण नुसते फ्रीव्हील घेऊन लोक घरी येतात आणि मग अडतात. मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा जो लोंबता सांगाडा असतो, डिरेल्युअर म्हणतात त्याला, तो आखूड असला तर ३४ दातांचे चक्र त्याला झेपत नाही. आमचा आखूड होता. तो बदलला, चेनही थोडी लांब लागली म्हणून नवी टाकली. जुन्या, ताणलेल्या चेनवर नवे फ्रीव्हील बसवले तर चेन उड्या मारते आणि नवे दात लवकर खाते, म्हणून तसेही चेन बदलणे भागच होते.

तिसरे काम टायरचे. जुन्याची नक्षी गुळगुळीत झाली होती. नवे घेतले ते मधोमध सलग पट्टी आणि कडेला गुटखे असलेले, म्हणजे डांबरावर जड जात नाहीत आणि मुरमावर धरून राहतात. टायरच्या बाजूला हवेची मर्यादा पाउंडात लिहिलेली असते. पंपवाला पोरगा नेहमी दाबून भरतो, दगडासारखी. मी चाळीस ठेवते. थोडे नरम टायर खड्डा स्वतः गिळते, तेवढे मनगटाला कमी बसते.

पुढच्या स्प्रिंगचे काय, असे भाच्याने विचारले. त्याला ती बदलून महागडी घालायची हौस होती. मिस्त्रींनी मला सायकलीवर बसवून जोरात पायडल मारायला लावले आणि भाच्याला म्हणाले, बघ. प्रत्येक जोराला सायकलीचे नाक खाली-वर होत होते. आक्कांचा जोर तिथं सांडतोय, म्हणाले. आहे ते स्प्रिंग थोडे आवळून ठेवले, पैसे वाचले. सीटची उंची आणि हँडलचा कोन तर फुकटच जुळला. टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हावा, ही सीटची खरी उंची. ह्यापेक्षा सीट खाली ठेवली की गुडघा वाकून राहतो आणि दुखतो, आणि बायका म्हणतात सायकल सोसत नाही. पण नवशिक्याला जमिनीला पाय टेकल्याशिवाय धीर येत नाही. म्हणून पहिला महिना सीट दोन बोटे खाली ठेवली, मग वर घेतली.

हिशेब असा झाला: रबरे आणि तारा ६०० रुपये, फ्रीव्हील ९५०, डिरेल्युअर ७५०, चेन ४८०, दोन टायर १५००, मजुरी ५००. एकूण ४७८०. त्यावर हेल्मेट ११०० आणि मागचा लाल लुकलुकता दिवा २५०. सात हजारांतले ८७० उरले. हेल्मेट बघून हे म्हणाले, “डोक्यावर पातेलं पालथं घातलंय.” मी म्हटले, असू द्या, आतले डोके घरातल्या सगळ्यांना लागते.

आता घाटाचे. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातही पोचले नाही. आधी गिअर हलका करायचा, मग चढ सुरू करायचा. चढावर जोर लावून असताना गिअर बदलला तर चेन करकरते. पंधरा दिवसांनी दोन ठिकाणी उतरून ढकलत का होईना, पण वर पोचले. आता एकाच ठिकाणी उतरते, आणि ते मला कमीपणाचे वाटत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरीत नाही, दाबून सोडते, दाबून सोडते, दोन्ही मिळून, आणि बैठक मागे सरकवून. पुढचा एकटा ब्रेक खडीवर कधीच जोरात दाबीत नाही. शनिवार-रविवारी फुलांच्या दिवसांत मात्र सायकल बाहेर काढीत नाही. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात त्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की वळणावर आपल्याला जागाच उरत नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर, डाव्या कडेने.

ह्या वर्षी नाचणीची भांगलण मी कुणाच्या गाडीची वाट न बघता केली. एकदा ह्यांची गोळी संपली होती, ती मी शहरातून घेऊन आले. मुलगा कामावर होता आणि त्याला फोन करायची गरज पडली नाही. ह्यांनी पाकीट हातात घेतले, सायकलीकडे बघितले आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चेनला तेल ह्यांनीच घातले, जरा जास्तच, ते मी नंतर फडक्याने पुसून काढले.

सूनबाई मला आत्या म्हणते. महिन्यापूर्वी एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, “आत्या, मला पण शिकवाल का?” ती माझ्यापेक्षा चार बोटे उंच. उरलेल्या पैशांतून आम्ही सीटला हाताने उघडझाप होणारा चाप घेतला, पाना लागत नाही. सीटच्या नळीवर आता चिकटपट्टीच्या तीन खुणा आहेत. पांढरी माझी. त्याच्या खाली लाल, तिची. आणि सगळ्यात वर निळी, ती पाय टेकायच्या दिवसांची. सध्या सीट निळ्यावर आहे.