होटगी रोडवरून उड्डाण

९ जून २०२५ ला सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली. नंतर आम्हीही निघालो. सफरची दुआ पढलो, तरी अम्मींनी विचारलंच, "एक पंखा बंद पडला तर?"

वैमानिक निघण्याआधीच एक वेग ठरवून ठेवतात. त्याच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक. त्यापुढे गेलं तर उड्डाणच, कारण थांबायला धावपट्टी उरत नाही. मग एकजण फक्त विमान सांभाळतो, दुसरा यादी वाचत कामं उरकतो. बंद पंख्याची पाती वाऱ्याला धार लागेल अशी वळवतात, म्हणजे ओढ कमी होते. प्रवाशांना घोषणा उशिराच ऐकू येते.

एका इंजिनावर विमान चढतं, पण संथ. म्हणून वाटेतली उंची आधीच मोजतात. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. ऊसवाल्यांचं दुःख खरंच होतं. पण विमानाच्या वाटेजवळची एवढी उंची वैमानिकाला सोडून देता येत नाही.